सोशलाइज्ड मेडिसिन (राजकीय शब्दप्रयोग)

अमेरिकेत आरोग्यसेवेतला सरकारचा वाटा वाढवण्याचा प्रस्ताव आला की विरोधक त्यावर ‘सरकारी, समाजवादी वैद्यकसेवा’ अशा अर्थाने मारतात तो शिक्का. खर्च कोण भरतो, रुग्णालय कोणाच्या मालकीचे आणि उपचार कोण ठरवतो, हे तीन निरनिराळे प्रश्न या दोन शब्दांत एकत्र कालवले जातात आणि त्यातच त्यांची ताकद आहे. ब्रिटनमध्ये १९४८ पासून बहुतेक रुग्णालये सरकारी आहेत. कॅनडात मूळ विमा सरकारी, पण डॉक्टर बहुतांशी स्वतंत्र व्यवसाय करणारे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तर इमारतीही सरकारी आणि डॉक्टरही सरकारी पगारावर; त्यांच्यावर मात्र हा शिक्का क्वचितच बसतो.

नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविमा सुचवला. डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पुढे सदस्यांवर माणशी २५ डॉलरची पट्टी बसवली आणि कॅलिफोर्नियाच्या व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचारसंस्थेला काम दिले. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरचे ल्यूक फाइल्ड्स यांचे चित्र पत्रकांवर छापून ‘या चित्रात राजकारण नको’ असे बजावण्यात आले. प्रचारात ही योजना साम्यवादी ठरवण्यासाठी रशियन क्रांतिकारक लेनिनच्या नावावर खपवलेले एक वाक्य लायब्ररी ऑफ काँग्रेसला त्याच्या लेखनात कुठेच सापडले नाही.

१९६१ मध्ये वृद्धांच्या रुग्णालय-खर्चाच्या विधेयकाविरुद्ध तेव्हाचे अभिनेते, पुढचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या भाषणाची तबकडी निघाली. डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलवायचे, तबकडी लावायची आणि प्रत्येकीकडून काँग्रेस सदस्याला पत्र लिहून घ्यायचे. पत्र हाताने आणि स्वतःच्या शब्दांत हवे, कारण एकाच साच्याचा गठ्ठा आला की मोहीम उघडी पडते. तरीही ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरचा, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, कायदा झाला. तो इतका अंगवळणी पडला की २००९ मध्ये ‘माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावू नये’ अशी तक्रार ऐकू आली.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा-सुधारणेला विरोध कसा करायचा, यावर रिपब्लिकन सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी टिपण लिहिले. त्यातला सल्ला धूर्त होता: आधी सुधारणेच्या बाजूने ठामपणे बोला, मग ‘सरकारी ताबा’ म्हणा. प्रत्यक्षात या सुधारणेच्या कायद्याने खाजगी विमा कंपन्यांना गिऱ्हाईकच मिळवून दिले. समर्थकही धुतल्या तांदळाचे नव्हते. ‘आवडती पॉलिसी तुमच्याकडेच राहील’ हे ओबामांचे आश्वासन २०१३ मध्ये लोकांना पॉलिसी रद्द झाल्याच्या नोटिसा आल्या तेव्हा फसले.

सर्वांत गाजला तो ऑगस्ट २००९ मधला रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांचा ‘डेथ पॅनेल’ (कोणाला उपचार द्यायचे ते ठरवणारे सरकारी ‘मृत्युमंडळ’) हा शब्द. विधेयकाच्या कलम १२३३ मध्ये अखेरच्या काळातील उपचारांबाबत डॉक्टरशी ऐच्छिक सल्लामसलतीची फी मेडिकेअरने द्यावी, एवढीच तरतूद होती. मंडळ वगैरे काही नव्हते. खुलासा करणाऱ्यालाही तोच शब्द उच्चारावा लागे, त्यामुळे खुलासे व्हायचे तितका तो पसरायचा. तरतूद अंतिम कायद्यात आली नाही. जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर अशा सल्लामसलतीची फी नियमाने देऊ लागले. तेव्हा फारसा गदारोळ झाला नाही.