मॅडिसन विरुद्ध मन्रो, १७८९

अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेससाठी (म्हणजे संसदेसाठी) व्हर्जिनियाच्या ५ व्या मतदारसंघात २ फेब्रुवारी १७८९ ला झालेली लढत. जेम्स मॅडिसनला १३०८ मतं पडली, जेम्स मन्रोला ९७२, फरक ३३६ चा. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले दोघंजण काँग्रेसच्या एकाच जागेसाठी समोरासमोर उभे राहिले असं अमेरिकेच्या इतिहासात या एकदाच झालं.

जून १७८८ मधे व्हर्जिनियाच्या अधिवेशनात नवी राज्यघटना ८९ विरुद्ध ७९ अशी जेमतेम पास झाली होती. मॅडिसन बाजूनं, मन्रो विरोधात, आणि विरोधकांचा पुढारी पॅट्रिक हेन्री, ज्याचं राज्याच्या विधिमंडळात चांगलंच वजन होतं. तेव्हा सिनेटर, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, विधिमंडळच निवडायचं. नोव्हेंबरमधे तिथं रिचर्ड हेन्री लीला ९८, विल्यम ग्रेसनला ८६ आणि मॅडिसनला ७७ मतं मिळाली, जागा दोनच, म्हणजे मॅडिसन पडला. मग त्याला प्रतिनिधीगृहाची, म्हणजे खालच्या सभागृहाची, निवडणूक लढवणं भाग पडलं.

वाद आहे तो मतदारसंघ कसा आखला यावर. जुन्या चरित्रांमधे सरळ लिहिलेलं असतं की हेन्रीनं मॅडिसनला पाडायलाच तो आखला. आठ काउंट्या (जिल्ह्यासारखे भाग) होत्या, ऑरेंज, आल्बमार्ल, लुइझा, कल्पेपर, स्पॉट्सिल्व्हेनिया, गूचलंड, फ्लुव्हाना आणि अ‍ॅम्हर्स्ट, आणि यातल्या पाच काउंट्यांचे प्रतिनिधी घटनेच्या विरोधात गेलेले, लुइझाचे एकेक दोन्हीकडं. हे आरोप मॅडिसनच्या गोटातून तेव्हाच झाले होते, नंतरचे नाहीत. पण अलीकडच्या संशोधनात याच्या उलट बाजू मांडलेली आहे: या काउंट्या एकमेकींना लागून आहेत, नकाशावर कुठं शेपूट काढलेलं दिसत नाही, आणि विरोधकांच्या हातात बहुमत असताना याहून वाईट मतदारसंघ सहज करता आला असता. हे म्हणणं जास्त पटतं. शिवाय प्रतिनिधी विरोधात म्हणजे मतदारही विरोधात असं धरता येत नाही, कल्पेपरचे प्रतिनिधी विरोधी होते आणि तिथंच मॅडिसनला २५६ तर मन्रोला १०३ मतं पडली. अडवणुकीचा खरा पुरावा वेगळाच आहे, उमेदवार त्याच मतदारसंघात १२ महिने राहिलेला असावा अशी अट कायद्यात घातली होती, त्यामुळं ऑरेंजच्या मॅडिसनला सोयीची जागा शोधायची वाटच बंद झाली. (अशा आखणीला पडलेलं जेरीमँडर हे नाव १८१२ चं, मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीवरून, आणि हाच गेरी पुढं मॅडिसनचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.)

आता दोघांची तुलना. मॅडिसन ३७ वर्षांचा, बुटका, आवाज बारीक, घटनेच्या मसुद्यात त्याचा सगळ्यात मोठा हात. मन्रो ३० चा, उंच, १७७६ मधे ट्रेंटनच्या लढाईत खांद्यात गोळी खाल्लेला, थॉमस जेफरसनच्या (हाही पुढं राष्ट्राध्यक्ष झाला) हाताखाली कायदा शिकलेला. दोघं आधीपासून दोस्त, मोहॉक खोऱ्यात भागीत जमीनसुद्धा घेतलेली. हक्क घटनेत लिहून असावेत हे शेवटी दोघंही म्हणत होते, भांडण होतं ते क्रमाचं: मन्रोचं म्हणणं आधी दुरुस्ती मग मंजुरी, आणि केंद्र सरकारनं लोकांवर थेट कर लावणं त्याला अजिबात मान्य नव्हतं, मॅडिसनचं म्हणणं आधी मंजुरी आणि मग दुरुस्ती काँग्रेसनंच करावी. मॅडिसनला दुरुस्ती नकोच आहे अशी कुजबुज बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत पसरली होती, आणि ते फार जिव्हारी लागणारं होतं कारण धर्मस्वातंत्र्याचा १७८६ चा कायदा त्यानंच पास करून घेतला होता. २ जानेवारीला त्यानं बाप्टिस्ट पाद्री जॉर्ज ईव्हला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं, पहिल्याच काँग्रेसनं महत्त्वाच्या हक्कांची, त्यातही सद्सद्विवेकाच्या हक्काची, पक्की तरतूद करावी. हे पत्र म्हणजे या निवडणुकीतला सगळ्यात मोलाचा कागद.

प्रचारात दोघं एकत्रच फिरले. बहुधा जानेवारीतलीच गोष्ट, हेब्रन इथल्या जर्मन ल्युथरन चर्चमधे प्रार्थना झाली, दोन फिडलवर संगीत झालं आणि मग दोघांनी लोकांना बाहेर बर्फात उभं ठेवून घटनेवर भाषणं दिली, लोकांनीही कुस्ती बघितल्यासारखं शांतपणे ऐकून घेतलं. त्या रात्री मॅडिसन घोड्यावरून १२ मैल गेला आणि थंडीनं त्याचं नाक गोठलं, तो डाग म्हातारपणी तो दाखवायचा. तेव्हा ती जागा कल्पेपरमधे होती, आता त्या काउंटीचं नावच मॅडिसन आहे.

मतदान उघड, मतदारानं अधिकाऱ्यासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि कारकुनानं ते लिहून घ्यायचं. मताचा हक्क फक्त जमीन असलेल्या गोऱ्या पुरुषांना, आणि हक्कांवर भांडणारे हे दोघंही गुलाम बाळगणारे होते. ऑरेंजमधे मॅडिसनला २१६ आणि मन्रोला फक्त ९, अ‍ॅम्हर्स्टमधे उलटं, १४५ ला २४६, आणि गूचलंडमधे १३२ ला १३३.

मॅडिसननं ८ जून १७८९ ला सभागृहात दुरुस्त्या मांडल्या, त्यातल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाल्या. मन्रो १७९० मधे सिनेटवर गेला. निकालानंतर मॅडिसननं जेफरसनला कळवलं की आमची दोस्ती जराही कमी झालेली नाही. ती बिघडली १८०८ मधे, मन्रोच्या समर्थकांनी त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी मॅडिसनसमोर उभं केलं तेव्हा, आणि १८११ ला मॅडिसननं त्याला परराष्ट्रमंत्री केलं तोवर समेट झालेला होता.