क्लाउड फोन सिस्टिम : अनेक शाखांच्या छोट्या व्यवसायासाठी निवड

ऑफिसातलं एक्सचेंज, म्हणजे पीबीएक्स, स्वतःच्या जागेत न ठेवता पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालवायचं आणि प्रत्येक शाखेतले फोन इंटरनेटवरून त्याला जोडायचे, या व्यवस्थेला क्लाउड फोन सिस्टिम किंवा होस्टेड पीबीएक्स म्हणतात. सगळ्या शाखांची एक्स्टेन्शनं एकाच यादीत येतात.

उगमाबद्दल एकमत नाहीये. काही जण १९९५ च्या व्होकलटेक कंपनीच्या ‘इंटरनेट फोन’ या सॉफ्टवेअरपासून सुरुवात धरतात, काही जण थेट १९७० च्या दशकात आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, झालेल्या आवाजाच्या प्रयोगांपर्यंत मागे जातात, आणि ओपन सोर्सवाले १९९९ च्या सुमाराला मार्क स्पेन्सरने लिहिलेल्या अ‍ॅस्टरिस्कचं नाव घेतात. पण पहिल्या दोन्हीत मुद्दा आवाजाची पाकिटं करून पाठवण्याचा होता आणि अ‍ॅस्टरिस्कने एक्सचेंज सॉफ्टवेअरमध्ये आणलं, तेही बरेचदा ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर. एक्सचेंज फोन कंपनीकडेच ठेवून ग्राहकाने फक्त भाडं भरायचं ही कल्पना सेंट्रेक्सची, ती अमेरिकेत साधारण १९६० च्या दशकात आली, त्यामुळे वंशावळ तिथून धरणं जास्त पटतं. सिप, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायचे आणि तोडायचे ठरलेले नियम, या प्रोटोकॉलचं पहिलं प्रमाण १९९९ चं (आरएफसी २५४३) आणि सुधारित २००२ चं (आरएफसी ३२६१). त्याच्यामुळे एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालू शकतो, म्हणून निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की फोन स्टँडर्ड सिपचे आहेत का आणि पुरवठादाराने लॉक तर केलेले नाहीत ना.

खरी निवड मात्र फीचरच्या यादीवर होत नाही, ती प्रत्येक शाखेच्या लाइनवर होते. जी.७११ या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज डिजिटल करायच्या पद्धतीत, आवाज ६४ केबीपीएस घेतो, वर प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वगैरे, म्हणजे हेडर, धरून एका दिशेला ८० ते ९० केबीपीएस, म्हणजे दहा कॉल एकाच वेळी चालले तरी एक एमबीपीएसच्या आसपासच लागतं. स्पीड सहसा पुरतो, आवाज तुटतो तो जिटर (पाकिटं कमी-जास्त उशिराने पोचणं) आणि पॅकेट लॉस (पाकिटं वाटेत हरवणं) यांमुळे, कुणीतरी मोठी फाइल अपलोड करायला लावली की राउटरमध्ये रांग लागते आणि कॉल त्या रांगेत अडकतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. म्हणून आवाजाला प्राधान्य देणारा राउटर घ्यावा आणि ट्रायल सगळ्यात खराब लाइनच्या शाखेत, गर्दीच्या वेळी घ्यावी. मुख्य ऑफिसात घेतलेली ट्रायल काहीच सांगत नाही.

राउटरमधलं सिप एएलजी हे सेटिंग वेगळं बघावं लागतं. नॅटमुळे, म्हणजे ऑफिसातली सगळी उपकरणं बाहेर एकाच इंटरनेट पत्त्यावर दिसतात त्यामुळे, सिप मेसेजच्या आतला पत्ता चुकीचा ठरू नये म्हणून ते बदलून देतं, पण बरेचदा असं बदलतं की बेल वाजते, फोन उचलला जातो आणि एकाच बाजूला ऐकू येतं. कॉल दर वेळी ३२ सेकंदांच्या सुमाराला तुटत असेल तर उचलल्याची पोच, म्हणजे अ‍ॅक, परत पोचत नाहीये असं समजावं. बहुतेक पुरवठादार एएलजी बंदच करायला सांगतात आणि ते योग्यच आहे.

दर दोन पद्धतींचे असतात, दर युजर किंवा एकाच वेळी चालणाऱ्या कॉलवर. फोन भरपूर पण कॉल कमी असतील, उदाहरणार्थ प्रत्येक काउंटरवर एक फोन, तर दुसरी पद्धत स्वस्त पडते.

इंटरनेट गेलं की त्या शाखेतल्या शेजारच्या टेबलवरचं एक्स्टेन्शनही सहसा लागत नाही, कारण तो कॉलसुद्धा क्लाउडमधूनच जोडला जातो. येणारे कॉल अशा वेळी मोबाइलवर किंवा दुसऱ्या शाखेत आपोआप वळतात का ते वायर काढूनच तपासावं. आणीबाणीच्या नंबरसाठी प्रत्येक शाखेचा पत्ता वेगळा नोंदवलेला हवा, नाहीतर मदत भलत्याच शाखेत जाऊ शकते. जुना नंबर पोर्ट होऊन, म्हणजे नव्या पुरवठादाराकडे हलून, नव्या सिस्टिमवर वाजेपर्यंत जुनं कनेक्शन बंद करू नये, आधीच बंद केलं तर नंबर हातचा जाऊ शकतो.