फर्माच्या हातून निसटलेला ६४१
४,२९,४९,६७,२९७. ही संख्या मूळ आहे का? सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ५९ भरते, म्हणजे ३ नेही भाग जात नाही. नुसत्या नजरेला ती काही ताकास तूर लागू देत नाही.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. २ च्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या घातात १ मिळवला तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ! घातांक असाच दुप्पट करत गेलं तर कायम मूळ संख्याच मिळेल, असं फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये सांगून टाकलं. सिद्धता हाती नसल्याची कबुलीही त्याने दिली होती. या रांगेतली सहावी संख्या म्हणजे आपली ही. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७.

६४१ सापडला कसा? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसायचं, तर आपल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, अशा ६,५४२ संख्या आहेत. पण इतकी मेहनत लागतच नाही. समजा, 'प' ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), आणि ६४ व्या घाताला १. म्हणजे २ चे घात वाढवत नेले की बाक्या बरोबर ६४ पावलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. अशा चक्राच्या लांबीने 'प' वजा १ ला भाग जावाच लागतो. म्हणून 'प' ला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ बाद, कारण रांगेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ होतो, आपल्या संख्येपेक्षा फक्त २ ने कमी. त्यामुळे २५७ ने भागलं की बाकी २ उरते. राहिले चार भागाकार!

आणि ६४१ च्या बाबतीत तर भागाकारही नको. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, आणि ६४१ ने भागल्यावर त्याची बाकी उणे १. याचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६, म्हणजे उणे (२ चा चौथा घात), ठेवता येतो. म्हणजे उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १. त्यामुळे २ चा ३२ वा घात अधिक १, बाकी शून्य.

गंमत म्हणजे चक्राच्या लांबीचा तो नियम खुद्द फर्माचाच. १६४० मध्येच तो वापरून त्याने २ चा ३७ वा घात वजा १ या संख्येचा २२३ हा अवयव शोधला होता. मग इथे तो का चुकला? मला वाटतं, त्याने हे भागाकार केलेही असतील, पण कुठेतरी हातचा राहिला असेल.

फर्माच्या रांगेत सातवीपासून तेहतिसावीपर्यंतची प्रत्येक संख्याही संयुक्तच, म्हणजे मूळ नसलेलीच, निघाली आहे. चौतिसावीचा निकाल अजून लागलेला नाही. तिच्यात २ चा घातांक आहे ८,५८,९९,३४,५९२.