पीएचडीची ‘सेटिंग’ कॉलेज रोडवर होत नाही

नाशकात वर्षानुवर्षं ऐकू येतं: कॉलेज रोडवरच्या परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कन्सल्टंटकडे पैसे भरा, पीएचडीचा प्रवेश पक्का, त्यांची ‘आत’ ओळख असते. साफ खोटं.

अमेरिकेत हा निर्णय बहुतेक ठिकाणी विभागातले प्राध्यापकच घेतात. ते संशोधनाचा विषय, शिफारसपत्रं, आधीचं काम बघतात. मध्यस्थाला तिथे खुर्चीच नाही. उलट, ‘मोफत’ सल्ला देणाऱ्यांची कमाई बहुधा विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कमिशनची, आणि ते निघतं विद्यार्थ्याच्या फीतून. पूर्ण निधी मिळणाऱ्या पीएचडीत तुम्ही फीच भरत नाही, मग कमिशन कुठलं? म्हणून ‘आधी (फी भरून) मास्टर्स करा’ असा सल्ला मिळाला, तर कमिशन कोण देतं हे सरळ विचारा. (चेहरा बघण्यासारखा होतो.)

आपल्याकडेही यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रवेश परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. ‘प्रोफेसर’ पदावरच्या मार्गदर्शकालाही एका वेळी जास्तीत जास्त ८ विद्यार्थी घेता येतात. जागा भरल्या की ओळख काय करणार?

स्वतः संशोधन केलेला, तुमचा एसओपी (अर्जासोबत द्यायचं, काय आणि का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) वाचून त्यातले कच्चे दुवे दाखवणारा माणूस मात्र पैसे देण्याजोगा. एसओपी लिहूनच देतो म्हणणारा नको.