'अलबेला'मागचा ट्रम्पेट
'अलबेला' चित्रपटातलं 'शोला जो भडके' लागलं की भगवानदादांची पावलं डोळ्यांपुढे येतात. त्या गाण्याच्या उभारणीत मोठा वाटा असलेला ट्रम्पेटवादक मात्र फार थोड्यांना आठवतो. त्याचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत सगळे त्याला चिक चॉकलेट म्हणत.

जन्म १९१६ चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, प्रार्थनासंगीतासाठी. गोव्यात रोजगार नव्हता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हॉटेलांना, क्लबांना कागद बघून वाजवणारे हवे होते. त्यामुळे हीच विद्या पोटापाण्याची झाली आणि गोवेकर वादक मुंबईला आले.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. तालाला किंचित मागे रेलून वाजवणं, आयत्या वेळी सूर रचणं या गोष्टी स्वरलिपीत मावत नाहीत. गोवेकरांनी त्या या मंडळींकडून कानांनी उचलल्या. चिकचं दैवत अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग. तोच घोगरा आवाज, हातात तसाच पांढरा रुमाल. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. चाळिशीच्या दशकात ताजमध्ये त्याचा बँड गाजला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, क्लबांची रया गेली. फिल्म स्टुडिओंत मात्र काम होतं. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांनी चिकला साहाय्यक म्हणून घेतलं. त्या काळची पद्धत अशी: संगीतकार पेटीवर चाल ऐकवी, ती स्वरलिपीत उतरवणं, कुठलं वाद्य कुठे येईल हे ठरवणं, कडव्यांमधल्या जागा भरणं, हे बहुतेकदा गोवेकर साहाय्यकाकडे असे. 'अलबेला'तल्या (१९५१) बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेटच्या धमालीत ताजच्या डान्स फ्लोअरचा वारसा स्वच्छ ऐकू येतो. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून चिक आणि त्याचे साथीदार त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात.

चाल अण्णांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, यात वाद नाही. पण गाणं ज्या नादामुळे पहिल्या क्षणाला ओळखू येतं, तो घडवणाऱ्याला फक्त 'साहाय्यक' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चिक १९६७ मध्ये गेला, जेमतेम पन्नाशीत. भगवानदादांचं ते गाणं आजही वरातीत बँडवाले वाजवतात, आणि चाल धरतो तो ट्रम्पेटच.