बदाम सात

बदाम सात, किंवा बदाम सत्ती, हा ५२ पत्त्यांच्या एका कॅटवर खेळायचा डाव आहे. जोकर काढून ठेवतात. हातातली सगळी पाने ज्याची आधी संपतील तो जिंकला. हुकूम नाही, हात करायचे नाहीत, भिडू नाही. ज्याचा तो खेळतो. कोकणात मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीत, घर माणसांनी भरलेले असते तेव्हा, ओटीवर किंवा माजघरात हा डाव हमखास मांडला जातो. पाच-तीन-दोनला तीन जण लागतात, मेंढीकोटला चार. बदाम सातला तिघांपासून सात-आठ जणांपर्यंत कितीही चालतात, आणि पहिलीतले पोर आजीच्या शेजारी बसून त्याच नियमांनी खेळू शकते. मुंबईहून आलेली चुलत-आते-मामे भावंडे मोजून बसवावी लागत नाहीत. ‘तू पुढच्या डावाला ये’ असे कोणाला सांगावे लागत नाही, आणि भरल्या घरात या खेळाला जो मान आहे तो त्यामुळेच.

पाने पिसून, काटून सगळीच्या सगळी वाटतात. चौघांना तेरा-तेरा येतात. पाच जण असले तर दोघांना ११ आणि तिघांना १०. एक पान जास्त येणे हे नुकसानच, म्हणून दर डावाला वाटणारा बदलतो. बदामची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याची उतारी. ‘सत्ती कोणाकडे आसा?’ असे कोणीतरी विचारतो आणि डाव सुरू होतो. पुढच्याने बदामची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या एखाद्या रंगाची सत्ती उघडायची. असा प्रत्येक रंग सत्तीपासून खाली एक्क्यापर्यंत आणि वर राजापर्यंत लागत जातो. लावण्याजोगे काहीच नसेल तर ‘पास’. मात्र लागणारे पान हातात असताना पास म्हणता येत नाही. खोटा पास लपत नाही. पुढे ते पान पडले की सगळ्यांना आठवते. काही घरांत ही सक्ती पाळत नाहीत. तसे करू नये. जो तो पान दाबून बसला तर डाव जागचा हलत नाही, आणि खेळातली सगळी गंमत या सक्तीतूनच येते.

सुरुवात सातापासूनच का, तर रंगात १३ पाने असतात आणि सत्तीच्या खाली सहा, वर सहा अशी ती बरोबर मधोमध बसते. सावंतवाडीच्या लाखकाम केलेल्या गोल गंजिफांशी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांशी, ताडून पाहिले तर हे नीट कळते. दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि १२० पाने, म्हणजे रंगाला बारा. तिथे मधले पानच नाही. गंजिफा हा हात जिंकण्याचा खेळ असल्यामुळे तिला त्याची गरजही पडत नाही.

नियम एका डावात कळतात. अडवणूक शिकायला मात्र सुट्टी जाते. इस्पिकची सत्ती कोणी उघडली नाही, तर त्या रंगाची उरलेली १२ पाने ज्यांच्या हातात असतील त्यांच्या हातात कुजत राहतात. छक्की दाबली की खालची पाच अडतात, अठ्ठी दाबली की वरची पाच. पण दाबायचे तर प्रत्येक पाळीला टाकायला दुसरे पान हवे. ते संपले की दाबलेली सत्ती मुकाट्याने खाली ठेवावी लागते. म्हणून हातात सलग पाने असणे ही खरी श्रीमंती. चौकटची अठ्ठी, नव्वी आणि दश्शी तुमच्याकडेच असेल तर अठ्ठी टाकून वाट मोकळी होते ती तुमच्याच नव्वीची, नव्वीने तुमच्याच दश्शीची. दोन पाळ्या निघाल्या आणि कोणाला काही मिळाले नाही. गुलामाची वाट मोकळी होते ती दश्शी पडल्यावरच.

नवखा खेळाडू सत्ती आली की आनंदाने उघडतो. त्याला एवढेच सांगावे, की आधी त्या रंगाची आपली टोके बघ. एक्का टाकायचा तर त्याआधी त्या रंगाची सहा पाने पडावी लागतात, राजाचेही तेच. किलवरच्या सत्तीबरोबर एक्का, दुर्री किंवा राजा हातात असेल तर सत्ती लगेच उघडावी, कारण वाट पाहण्यात आपलेच नुकसान आहे. त्या रंगात सत्ती एकटीच असेल तर जमेल तितकी धरावी. लहान मुलांना पहिले दोन-तीन डाव पाने उताणी ठेवून खेळवले की हे न सांगताही कळते. त्या वयात तेरा पाने पंख्यासारखी हातात धरणे हेच अवघड असते, त्यासाठी कोणाची तरी मांडी लागते.

मांडणीला जागा लागते. चार सत्त्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे ढीग धरून बारा जागा होतात. रेल्वेत सुटकेसवर हा डाव मांडणे जिकिरीचे, तिथे झब्बू बरा. घरी जमिनीवर सतरंजी अंथरली की काम होते, पण पंखा बंद करावा लागतो, आणि कोकणातल्या मे महिन्यात तो बंद करायला सगळ्यांची संमती लागते. दमट हवेने कागदी पाने फुगून एकमेकांना चिकटतात, म्हणून प्लॅस्टिकचा कॅट सोयीचा.

हाच खेळ जपानात ‘शिचिनराबे’ या नावाने खेळतात. तिथे चारही सत्त्या सुरुवातीलाच मांडून टाकतात. त्याने डाव लवकर सुटतो, पण सत्ती दाबून बसलेल्याकडे सगळ्यांनी रोखून बघण्याची मजा जाते.

गुण मांडायचे असतील तर पहिला सुटला की बाकीच्यांच्या हातातली पाने मोजतात : एक्क्याचा १, गुलामाचे ११, राणीचे १२, राजाचे १३. पूर्ण कॅटचे ३६४ होतात. जास्त गुण तो मागे. पाटी-पेन्सिल नसेल तर मोजत नाहीत. सगळे सुटेपर्यंत खेळतात, आणि शेवटी ज्याच्या हातात पाने उरतात त्याच्याकडे पुढची पिसणी जाते.