पार्श्वभूमी : यजमान कोण, पाहुणा कोण?

जून १९४८ मध्ये बारा दिवसांच्या अंतराने अमेरिकन टीव्हीवर न्यूयॉर्कमधून विविधरंजनाचे दोन कार्यक्रम सुरू झाले. ८ तारखेला, मंगळवारी ‘टेक्साको स्टार थिएटर’ आणि २० तारखेला, रविवारी ‘टोस्ट ऑफ द टाउन’. दोन्ही एकाच महिन्यात का, याचं उत्तर पडद्यामागे आहे. संगीतकारांच्या संघटनेने १९४५ पासून सभासदांना टीव्हीवर वाजवायला बंदी केली होती, ती त्या मार्चमध्ये उठली. वाद्यवृंदच नसेल तर गाणं नाही, नाच नाही, दोन नकलांच्या मधला ठेकाही नाही. १९४६ मध्ये ‘अवर ग्लास’ नावाचा तासाभराचा एक प्रयत्न होऊन गेला होता, पण त्याने वर्षही पुरं केलं नाही.

नवे कार्यक्रम जुन्या व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नाच, नकला एकापाठोपाठ सादर होणाऱ्या रंगमंचीय खेळांच्या, साच्यातून निघाले होते हे सांगायला नको. पण व्हॉडव्हिलमधला विनोदवीर पंधरा मिनिटांचा एकच आयटम गावोगाव फिरवून वर्षानुवर्षं पोट भरायचा. टीव्हीवर तोच आयटम एका रात्रीत देशातल्या निम्म्या प्रेक्षकांसमोर खर्ची पडायचा. पुढच्या आठवड्यात तेच प्रेक्षक नवं काही मागत बसलेले, आणि असे आठवडे वर्षाला ३९. सगळं थेट, पुन्हा करून बघायची सोय नाही. पाहुणे कलाकार बोलावण्याची पद्धत या तंगीतून वाढली. पाहुण्याची बारा मिनिटं म्हणजे लेखकांना तेवढी उसंत. झगमगाट वगैरे नंतरचं.

यायचे तरी कोण? नाइटक्लबमधले गायक, ब्रॉडवेची मंडळी, रेडिओवरचे जुने आवाज, मुष्टियोद्धे. मोठ्या चित्रपट कंपन्या करारातल्या नटांना टीव्हीच्या आसपास फिरकू देत नव्हत्या. घरबसल्या फुकट दिसला तर तिकीट काढून कोण बघेल, हा हिशेब. (आज आपल्याकडे चित्रपट लागण्याच्या आठवड्यात अख्खी टीम विनोदी कार्यक्रमाच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसलेली दिसते, तेव्हा हा हिशेब आठवून हसू येतं.) पैसाही बेताचा. ‘टोस्ट’च्या पहिल्या भागात कलाकारांच्या मानधनाची सगळी रक्कम ५०० डॉलरच्या आत बसवली होती. त्या भागातली एक जोडी, एक गाणारा आणि एक माकडचाळे करणारा, पुढे सांगायच्या गोष्टीत पुन्हा येते.

आता ज्या शब्दावरून खरा गुंता झाला तो ‘होस्ट’. मराठीत यजमान म्हणावं तर ज्याचं घर तो. प्रमुख पाहुणे हार घालून घेतात, दोन शब्द बोलतात आणि चहा पिऊन जातात, धावपळ यजमानाची. अमेरिकन टीव्हीने मात्र पहिल्या दोन वर्षांत या शब्दाचे चार अर्थ केले.

‘टेक्साको’चा यजमान पाहुण्याला एकटं सोडायचाच नाही. कोणी गायला उभं राहिलं की हा बाईचा वेश करून मध्ये घुसणार. १९५०-५१ च्या मोसमात टीव्ही असलेल्या घरांपैकी ६१.६ टक्के घरं याच्याकडे होती. ‘टोस्ट’चा यजमान बरोबर उलटा: वर्तमानपत्रातला स्तंभलेखक, गाणं नाही, नाच नाही, विनोद तर नाहीच. तिथे सगळं काही पाहुणेच. रोजचा मनोरंजनाचा स्तंभ ज्याच्या हातात, त्याला नाही म्हणणं कलाकारांना जडच जात असणार.

१० सप्टेंबर १९५० ला ‘टोस्ट’च्याच वेळेला समोरच्या वाहिनीने ‘कोलगेट कॉमेडी अवर’ लावला. त्यात कायमचा यजमानच नव्हता. विनोदवीरांच्या पाळ्या लावल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला नवं लिहून घ्यायला मध्ये काही आठवडे मिळत. दुसऱ्याच रविवारी पाळी आली ती त्या जुन्या जोडीची. दोन वर्षांपूर्वी जिथे पाहुणे म्हणून चार पैसे घेतले, त्याच घराचं गिऱ्हाईक आता हे दोघे समोर दुकान मांडून पळवत होते.

आणि चौथा अर्थ ‘युअर शो ऑफ शोज’चा. २५ फेब्रुवारी १९५० पासून दर शनिवारी दीड तास. प्रहसनं, विडंबनं, मूकाभिनय हे सगळं कायमच्या संचाचं. त्या आठवड्यापुरता आलेला नामवंत नट ओळखी करून द्यायचा, आणि होस्ट म्हणायचे त्याला! घरचे राबतात आणि पाहुणा दारात उभा राहून ‘या, बसा’ म्हणतो. माझ्या मते चौघांत हाच कार्यक्रम अस्सल होता, आणि तो नामवंतांवाचूनही तितकाच चालला असता. इतरांबद्दल असं म्हणवत नाही.

कोणाला बोलवायचं यात जाहिरातदाराचा शब्द असे; दोन कार्यक्रमांच्या तर नावातच तो बसला होता. जानेवारी १९५० मध्ये ‘टोस्ट’वर आलेल्या एका नर्तकावर डाव्या विचारांचा म्हणून ओरड झाली, तेव्हा यजमानाने जाहिरात संस्थेला दिलगिरीचं पत्र दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये डावे असल्याचा संशय घेतलेल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांची ‘रेड चॅनल्स’ ही १५१ नावांची यादी छापून आली. १९५२ मध्ये ‘कोलगेट’च्या एका वयस्क यजमानाने कृष्णवर्णीय तरुण पाहुण्याच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या रुमालाने पुसला, एवढ्यावरून शिव्यांची पत्रं आली. त्याने त्या पाहुण्याला पुन्हा बोलावलं.

मधल्या काळात मायक्रोवेव्ह मनोऱ्यांची साखळी पश्चिमेपर्यंत पोहोचली. सप्टेंबर १९५१ पर्यंत दोन्ही किनारे थेट जोडलेले नव्हते. पश्चिमेला टीव्हीच्या पडद्यावर कॅमेरा रोखून काढलेली धुरकट फिल्म मागाहून दाखवत. जोडणी झाली आणि त्याच महिनाअखेरीस ‘कोलगेट’ हॉलिवूडहून सुरू झाला: न्यूयॉर्कला रात्री आठ म्हणून तिथे संध्याकाळी पाचला. नटांना प्रवासाची सबब उरली नाही. १९५० मध्ये नऊ टक्के घरांत असलेला टीव्ही १९५५ मध्ये ६४ टक्क्यांवर गेला, तेव्हा चित्रपट कंपन्याही नरमल्या. पण ‘युअर शो ऑफ शोज’ १९५४ मध्येच आटोपला होता आणि ‘कोलगेट’ १९५५ च्या डिसेंबरात.

उरला ‘टोस्ट’, नाव बदलून. त्याने मेंफिसच्या एका गायकाला तीन वेळांचे मिळून ५०,००० डॉलर दिले. ९ सप्टेंबर १९५६ च्या त्या पहिल्या रात्री सुमारे सहा कोटी लोक बघत होते, आणि यजमान मोटार अपघातातून बरा होत घरी होता. त्याच्या जागी एक ब्रिटिश नट न्यूयॉर्कमध्ये उभा होता, तर गायक लॉस एंजेलिसहून गात होता. १९६४ मध्ये लिव्हरपूलचे चौघे, म्हणजे बीटल्स, आले ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

११ ऑक्टोबर १९७५ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ सुरू झाला, तोही न्यूयॉर्कहून, शनिवारीच आणि थेट. कायमचा संच आणि दर आठवड्याला बाहेरून आलेला ‘होस्ट’ ही जुनी वाटणी तिथे परत आली. पहिल्या रात्री होस्ट म्हणून एक स्टँडअप विनोदकार होता. त्याने अधूनमधून येऊन आपले किस्से सांगितले. प्रहसनात तो एकाही नव्हता.